तोंडावर सांगितलेली खोड

घोडेगाव,
९ जून २०२५

चिरंजीव आदिनाथास,

तात्याचे आशीर्वाद. आईचेही आहेत, पण ती म्हणते माझे वेगळे लिहा, तुमच्यात मिसळू नका. म्हणून वेगळे लिहिले.

तिथं फोन जमा करून घेतात हे कळल्यापासून घर गप्प आहे. तसं फोन होता तेव्हा तरी आपण काय बोलत होतो? ‘जेवला का?’ ‘हो.’ ‘बरं, ठेवतो.’ आता कागदावर बोलायची वेळ आली आहे, तर माझी सातवीपर्यंतची शाळा कितपत कामाला येते ते बघू.

आधी भांडून घेतो. संगमनेरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा ‘कोल्हापूरला मित्राच्या बहिणीचं लग्न आहे’ म्हणून जातो, आणि तिथल्या भरतीत धावून, छाती मोजून घेऊन मिलिटरीत नाव लावून येतो. लग्न तुझंच लागलं म्हणायचं, आणि वऱ्हाडाला पत्ता नाही! आई चार दिवस तुझ्याशी बोलली नाही, माझ्याशी सहा. मी काय केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

असो. ही नेहमीची फौज नाही, टेरिटोरियल आर्मी आहे, म्हणजे राखीव, असं तू समजावलंस. आधी ट्रेनिंग, मग वर्षातले थोडे महिने वर्दी, बाकी आपलं कॉलेज आणि आपलं घर. मी बाजारात तसंच सांगतो. परवा बजरंग दलालानं विचारलं, “छगनराव, पोरगं मिलट्रीत गेलं म्हनं?” मी म्हटलं, “व्हय, पन राखीव हाय.” “राखीव म्हंजी?” म्हटलं, “घरच्या दुधाला एक म्हस ठिवतो ना आपुन, बाजाराला न आनलेली? तसं.” त्याला पटलं. त्याला सांगता सांगता मलाही पटलं.

गेल्या शुक्रवारी बाजार जोरात होता. एक जाफराबादी म्हैस माझ्याकडे आली होती, दिसायला राणी, पण पान्हा चोरणारी. गिऱ्हाईक तिच्या शिंगांवरच भाळलं. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायला तयार झालं, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाबा, धार काढताना ही रडवेल. मालक माझ्यावर लाल झाला. होऊ दे. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. लपवलेली खोड निघाली की पुढच्या शुक्रवारी जनावर परत येऊन दावणीला उभं राहतं आणि सगळा बाजार दलालाकडे बघतो. माझ्या हातून गेलेलं एकही जनावर आजवर परत आलेलं नाही. आपली कमाई म्हणायची तर एवढीच.

जेवत जा. निकिता म्हणते, दादाला विचारा, तिथं उठवायला कोण येतं, कारण घरी मला पाणी मारावं लागायचं.

तुझा,
तात्या


ट्रेनिंग सेंटर,
२ जुलै २०२५

तीर्थरूप तात्यांना,

बराकीतून लवून नमस्कार. आईला वेगळा, मोठा.

निकिताला सांगा, इथं उठवायला शिट्टी येते आणि ती पाण्यापेक्षा वाईट असते.

तुमचं पत्र मी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या रविराजला वाचून दाखवलं. तो काष्टीचा आहे. त्याच्या घरी गाई-म्हशी आहेत, म्हणून तुम्हाला नावानं ओळखतो. म्हणाला, “घोडेगावचे छगनराव? आमच्या आबांनी त्यांच्याकडनं डोळं झाकून म्हस घेतल्याली हाय. तो मानूस खोड तोंडावर सांगतो.” सगळ्या बराकीत माझी कॉलर ताठ झाली.

तात्या, एक गोष्ट लिहितो, हसू नका. मी भूगोल घेतला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘डोंगर कुठं आहे हे सांगायला पगार कोण देणार?’ इथं नकाशा वाचायला शिकवतात. बाकीचे रेषांकडे बघत बसतात, मला मात्र त्या रेषांत चढ, ओढा, खिंड सगळं दिसतं. आमचे सुभेदार सातारचे आहेत. ते आता सरळ म्हणतात, “बऱ्हाटेला बोलवा, वाट तो दाखवेल.” कॉलेजात मी शेवटच्या बाकावरचा. पुढे बोलावलं जाण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. मला इथं फार बरं वाटतं.

ट्रेनिंग संपलं की सप्टेंबरात घरी येईन आणि तिसऱ्या वर्षाला बसेन.

फक्त ते म्हशीचं जरा उलटं आहे. राखीव म्हणजे बाजाराला न न्यायची म्हैस नव्हे. दूध कमी पडलं की रात्री-अपरात्री जिला पिळायची, ती राखीव. पण हे आईला सांगू नका. सध्या तसं काही नाही.

तुमचा,
आदिनाथ


मुक्काम लिहायचा नाही,
२४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप तात्या,

भाऊबीजेचं ताट निकितानं उचललंही नव्हतं आणि बोलावणं आलं, त्यामुळे नीट निरोपही घेता आला नाही. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की तुमच्या पाया पडायचं राहिलं. इथून पडतो.

आमची तुकडी पुढच्या काही आठवड्यांत वर जाणार आहे. वर म्हणजे कुठं ते लिहिता येत नाही, पण थंडी आत्ताच अशी आहे की अंघोळ हा शब्द काढला तरी रविराज पळून जातो. वर फोन चालणार नाही. पत्रं खाली दिलेल्या पत्त्यावर टाका, ती फिरत फिरत येतील.

यंदाची परीक्षा मात्र हुकणार. सुट्टी मागून बघितली. सुभेदार म्हणाले, बोलावणं आल्यावर आपण आणि रोजची फौज यात फरक राहत नाही. किती दिवस ते कुणी सांगत नाही. वर्षभर असेल, दोन वर्षंही असतील.

तुम्ही काळजी करणार हे माहीत आहे. पण वर गस्तीला पुढे जाणाऱ्या टोळीत वाट दाखवायला माझं नाव घातलंय. साहेबांनी स्वतः घातलंय. आईला टोळीचं सांगू नका, नाव घातल्याचं तेवढं सांगा.

तुमचा,
आदिनाथ


घोडेगाव,
६ डिसेंबर २०२५

चिरंजीव आदिनाथ,

आशीर्वाद.

मी नगरला जाऊन आलो. मिलिटरीच्या एका कचेरीच्या दारात सकाळपासून उभा होतो. दुपारून एका बाबूनं आत घेतलं. मी म्हटलं, साहेब, माझा मुलगा कॉलेजात शिकतो, राखीवमध्ये आहे, त्याची परीक्षा आहे, त्याला तेवढा परत द्या, परीक्षा झाली की मी स्वतः आणून सोडतो. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, “काका, ते काही उसनं नेलेलं भांडं नाही.” मग त्यानं चहा पाजला. अजून एक-दोन गोष्टी बोलला, त्या तुला सांगण्यासारख्या नाहीत.

आदिनाथ, तुझं नाव घातलं याचा मला अभिमान वाटायला पाहिजे. वाटतोही. पण बाजारात उभा असलो की लोकांचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काही येत नाही. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच म्हशीचा भाव सांगितला. तुझी आई दुपारी अंगणात बसते आणि रस्त्यावरून कुठलीही एसटी गेली की उठते. मी तिला सांगतो, अगं, ती शेवगावची गाडी आहे. ती म्हणते, “मला ठाव हाय,” आणि पुढच्या गाडीला परत उठते.

मी काय करू ते मला कळत नाही. आजवर जे अडलं ते बोलून, हाता-पाया पडून, दोन पावलं मागं येऊन सोडवलं. इथं समोर माणूसच नाही, कुणाशी सौदा करू?

तब्येतीला जप.

तात्या


घोडेगाव, ता. नेवासा,
१४ डिसेंबर २०२५

मेजर साहेब यांच्या सेवेशी,

साहेब, मी आपल्या पलटणीतला शिपाई आदिनाथ छगन बऱ्हाटे याचा बाप. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करतो. आमच्या धंद्यात माल देताना खोड सांगावी लागते. मी ती कायम सांगत आलो, फक्त आपल्याला माल देताना सांगायची राहून गेली. मुलगा मला न विचारता भरती झाला, म्हणून राहिली.

साहेब, माझ्या मुलाला आकडी येते. लहानपणापासून येते. डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो, हातपाय ताठ होतात. दहावीच्या सुट्टीत विहिरीजवळ आली होती, तेव्हा गुडघा फुटला, त्याची खूण अजून आहे. शुद्धीवर आला की त्याला यातलं काही आठवत नाही. पोरगं मनानं खचू नये म्हणून आम्हीही त्याला कधी सांगितलं नाही. म्हणून त्यानं आपल्याला फसवलं असं समजू नये. त्याला खरोखर माहीत नाही.

आजारपणाचं कारण असेल तरच माणूस परत मिळतो, असं मला नगरच्या कचेरीत समजलं. त्याच्या हाती बंदूक देऊन डोंगरावर पाठवण्याआधी आपल्याला कळवणं माझं काम आहे. आपण माझ्यावर विश्वास ठेवावा. घोडेगावच्या बाजारात कोणालाही माझं नाव विचारावं.

माझा मुलगा मला परत पाठवावा ही विनंती.

छगन आबासाहेब बऱ्हाटे


मिलिटरी हॉस्पिटल,
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप तात्या,

नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मला नव्हे, साहेबांना लिहिलेलं.

आमची तुकडी वर निघायच्या आदल्या दिवशी मला बोलावलं. साहेबांना मराठी येत नाही, म्हणून सुभेदारांनी तुमचं पत्र मोठ्यानं वाचून हिंदीत सांगितलं, एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघितलं. मी आधी म्हणालो, असं काही नाही, साहेब. सुभेदार म्हणाले, “पोरा, हे अक्षर तुझ्या वडलांचंच का?” मी बघितलं. तुमचंच होतं, सरळ, खाडाखोड नसलेलं. मग त्यांनी विचारलं, “मग वडील खोटं लिहितील का?”

तात्या, यावर मी दुसरं काय बोलणार? मी म्हणालो, “माझे वडील खोटी खोड सांगत नाहीत.”

त्यानंतर मला इथं आणलं. डोक्याला तारा लावून तपासण्या केल्या, त्यात काही सापडलं नाही. मला आशा वाटली होती. पण डॉक्टर म्हणाले, तपासणी चांगली आली म्हणजे आकडी कधी आलीच नाही असं होत नाही, आणि ज्याला येते त्याला ती आठवत नाही, म्हणून घरच्यांचं सांगणं धरावं लागतं. मग पडल्या पडल्या सगळं जुळायला लागलं. विहिरीजवळ गुडघा फुटला तेव्हा मी कसा पडलो ते मला खरंच आठवत नाही. तुम्ही म्हणाला होतात, शेवाळावरून घसरलास. सातवीत शाळेत चक्कर आली होती, तेव्हा बाई म्हणाल्या, उपाशी होता. किती जणांनी मला किती वर्षं सांभाळलं!

मला तुमचा राग आला नाही असं नाही. एक दिवस फार आला. मला आधी सांगायला हवं होतं. पण नंतर विचार केला की वर त्या अरुंद वाटेवर मी पुढे, हातात भरलेली रायफल, मागे रविराज आणि बाकीचे, आणि तिथं मला आकडी आली असती तर? तुम्ही माझी लाज न बघता लिहिलंत. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी हे केलं नसतं.

कागदावर सही केली आहे. अपात्र म्हणून सोडताहेत. रविराज निघताना मिठी मारून रडला. वाट दाखवायला आता पुढं कोण ते मला माहीत नाही.

आदिनाथ


घोडेगाव,
३० जानेवारी २०२६

चिरंजीव आदिनाथ,

आशीर्वाद.

तू सुटलास आणि घरी न येता सरळ संगमनेरला उतरलास. फोनवर म्हणालास, बुडालेला अभ्यास भरून काढतो. बरोबर आहे. तरी एकदा येऊन गेला असतास तर आईला बरं वाटलं असतं.

तू वर न जाता खालीच राहिलास हे पलटणीतून कळलं तेव्हा मी देवळात जाऊन नारळ फोडला. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. तो आनंद तुझं हॉस्पिटलमधलं पत्र येईपर्यंत टिकला.

ते पत्र निकितानं मोठ्यानं वाचलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात तिथंच थांबला. म्हणाली, “आकडी? माझ्या लेकराला कवा आली हुती आकडी? मी आई हाय त्याची, मला कशी न्हाई ठावी?” मी उठून गोठ्यात गेलो. तिनं तुला फोन केला हेही मला माहीत आहे. तू तिला म्हणालास, “आई, आता लपवू नकोस, तात्यांनी सगळं सांगितलंय.” ती तेव्हापासून मला ताट वाढते, पण समोर बसत नाही.

बाजारातही पोचलं आहे. रविराजनं काळजीपोटी घरी कळवलं असेल, काष्टीच्या बाजारात कुणीतरी बोललं असेल, आणि व्यापारी तर आज काष्टीत, उद्या घोडेगावात. बजरंगनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “छगनराव, पोराला फेफरं हाय म्हनं? कवाधरनं?” नाही म्हणावं तर साहेबांना लिहिलेलं खोटं ठरतं. हो म्हणावं तर जीभ वळत नाही. मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एकदा बाजारात खोड बोलली गेली की ते जनावर पुढं कितीही चांगलं निघालं तरी लोक त्याच्याकडे त्याच नजरेनं बघतात. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो.

तू ते आकडीचं मनातून काढून टाक. तुला काही झालेलं नाही आणि होणारही नाही. मी सांगतो ना.

तात्या


संगमनेर,
१८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप तात्या,

नमस्कार.

‘काही होणार नाही’ असं लिहिलंत, बरं वाटलं. तुम्हाला धीर द्यायला येतं हे मला माहीत नव्हतं.

मी इथल्या एका डॉक्टरांना मिलिटरीचे कागद दाखवले. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ, काही वर्षं तरी घ्याव्या लागतील. गोळी घेतली की डोकं जड होतं. सर शिकवताना नकाशावर काठी फिरवतात आणि मला मधेच डुलकी लागते. पूर्वी रेषांत ओढे दिसायचे, आता रेषाच दिसतात. डॉक्टर म्हणाले, सवय होईल.

बाकी मी नीट काळजी घेतो. मोटारसायकलची किल्ली माझ्या खोलीतल्या केदारला देऊन टाकली आहे. प्रवरेत पोहायला जाणं बंद केलं. वरची खाट सोडून खालची घेतली. केदार एका शाळामास्तरांच्या घरातला, शांत मुलगा आहे. त्याला मी शिकवून ठेवलंय की आकडी आली तर कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. तो बिचारा आता रात्री माझ्याआधी झोपत नाही. आमच्या विभागाची सहल हरिश्चंद्रगडावर गेली होती. मी गेलो नाही. कड्यावर मला काही झालं तर बाकीच्यांनी काय करायचं?

पोलीस भरतीचं बघत होतो, पण कागदावर अपात्रतेचं कारण लिहिलेलं आहे, तेव्हा तेही दार बंद झालं.

रविराजचं एक पत्र आलं. वर सगळे ठीक आहेत. म्हणतो, वाट चुकलो की तुझं नाव निघतं.

एक काम आहे. डॉक्टरांना नोंद हवी आहे. पहिली आकडी कितव्या वर्षी आली, नंतर किती वेळा, किती वेळ टिकायची. आईला विचारलं तर ती फोनवर नुसती रडते आणि म्हणते, कधी आलीच नाही. आईचं मी समजू शकतो. तुम्ही मात्र खरं ते सविस्तर लिहून पाठवा. त्यावरून गोळ्यांचं प्रमाण ठरणार आहे.

आदिनाथ


घोडेगाव,
५ मार्च २०२६

आदिनाथ,

मी परवा संगमनेरला आलो होतो. तुला सांगितलं नाही. कॉलेजच्या फाटकासमोर रसवंतीत बसलो. तू बाहेर आलास, कडेकडेनं, भिंतीला हात लावत चालत होतास. रस्ता ओलांडायला थांबलास आणि गाड्या सगळ्या गेल्या तरी थांबूनच राहिलास. मग केदार असावा, त्यानं तुझा दंड धरून तुला पलीकडे नेलं. माझा मुलगा मिलिटरीत वाट दाखवत होता. मी उठलो आणि परत बाकावर बसलो. समोर येऊन जे बोलायचं ते बोलता येईना, म्हणून परत आलो आणि आता लिहितो आहे.

आदिनाथ, तुला कधीही आकडी आलेली नाही. एकदासुद्धा नाही. साहेबांना लिहिलेलं सगळं मी बनवलेलं आहे. विहिरीजवळ तू शेवाळावरूनच घसरला होतास. मी समोर उभा होतो, तू उठलास, मला बघून हसलास आणि मग रक्त बघून रडलास. शाळेत चक्कर आली तेव्हा तू खरोखर उपाशी होतास, एकादशी धरायचा हट्ट केला होतास. तुझी आई खरं सांगते आहे.

नगरच्या त्या बाबूनं जाता जाता म्हटलं होतं की आजारपण असेल तरच माणूस परत येतो. एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात आलं की खोड निघाली तर माल परत येतो, हा तर आपलाच कायदा. मला वाटलं, साहेब रागावतील, तुला घरी पाठवतील, तू माझ्यावर चिडशील, भांडशील, ‘तात्या खोटं बोलले’ म्हणून गावभर करशील. मी ते सोसायला तयार होतो. तू माझ्यावर विश्वास ठेवशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. देवाशपथ आलं नाही.

मी साहेबांनाही लिहिलं, की मी खोटं लिहिलं, मुलगा धडधाकट आहे, शिक्षा करायची तर मला करा. त्यांचं इंग्रजीत उत्तर आलं. निकितानं वाचून सांगितलं. ‘एका वडिलांच्या भावना आम्ही समजू शकतो, पण निर्णय झालेला आहे. मुलाची काळजी घ्या.’ तिथून आता पुढे रस्ता नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि तेही तुझं.

त्या गोळ्या थांबव. डॉक्टरांना हे पत्र दाखव, त्यांना विचारूनच थांबव, पण थांबव. मोटारसायकलवर बस. नदीत पोह. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, बोलू नकोस, घरी येऊ नकोस, वाटलं तर कधीच येऊ नकोस. फक्त तू चांगला आहेस एवढं ऐक.

हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले. याच्यातही खाडाखोड फार झाली आहे. अक्षर वाचता आलं नाही तर निकिताकडून परत लिहवून पाठवतो.

तात्या


संगमनेर,
१४ मार्च २०२६

तीर्थरूप तात्या,

नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर लागलं, निकिताला त्रास देऊ नका.

तुम्ही संगमनेरपर्यंत येऊन मला न भेटता गेलात याचं वाईट वाटलं. मला त्या अवस्थेत बघून तुमचं काय झालं असेल ते कळतं. आई तिकडे बोलत नाही, बाजारात लोक विचारतात, आणि इथं मी भिंत धरून चालतो. अशा वेळी माणूस काहीही लिहील.

तुमची दोन्ही पत्रं मी मनात शेजारी ठेवून बघितली. साहेबांना लिहिलेलं पत्र ताठ, एका दमात लिहिलेलं, एकही खोडलेला शब्द नाही. या पत्रात प्रत्येक ओळ दोनदा खोडलेली आहे, शाई पसरली आहे, कागद फाडल्याचं तुम्हीच लिहिता. कुठलं पत्र खरं ते मला कुणी सांगायला नको. मी तुमचा मुलगा आहे, तुम्हाला बाजारात बोलताना लहानपणापासून बघतो आहे.

डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, वडिलांचा तुझ्यावर फार जीव आहे. गोळी त्यांनी आहे तीच ठेवली आहे. तुम्ही खरी माहिती पाठवत नाही तोवर कमी करता येणार नाही म्हणाले.

मी तुमच्यावर मुळीच रागावलेलो नाही. परीक्षा झाली की घरी येईन. एकटा प्रवास करायचा नाही, म्हणून केदार सोडायला येईल.

एवढंच सांगतो, माझ्यासाठी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललात, तात्या. पुन्हा बोलू नका. तुम्हाला ते जमत नाही.

तुमचा,
आदिनाथ